लाईनवर माणूस आहे

"आधी तुमच्याच हाताला लावून दाखवू का, वहिनी?" फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये बिरनाळे मॅडमनी विचारलं. मी हो-नाही म्हणायच्या आतच अन्वी "आईला, आईला!" म्हणत टाळ्या पिटायला लागली.

पोटची पोर. जेमतेम अडीच वर्षांची. आणि आईला करंट लागताना बघायची एवढी हौस.

मी बाही वर करून हात टेबलावर ठेवला. मॅडमनी कोपराखाली दोन चिकट पट्ट्या दाबून बसवल्या. पट्ट्यांना वायरी, वायरी एका मशीनला, आणि मशीन म्हणजे आमच्याकडच्या ट्रान्झिस्टरएवढं. वरती एक गोल बटण.

"आधी मुंग्या आल्यासारखं वाटेल. नको वाटलं की सांगा, लगेच बंद करते."

"मध्येच लाईट जाऊन एकदम परत आली तर?"

"हे बॅटरीवर चालतं, वहिनी."

"बॅटरी गरम झाली तर?"

पलीकडच्या गादीवर इलाही चाचा दोरीनं पाय ओढायचा व्यायाम करत होते. टेम्पो उलटून कमरेतून गेलेले, आमच्याआधी कितीतरी दिवस तिथं मुक्कामाला, आणि सगळ्या हॉलचे कान त्यांना जोडलेले. ते म्हणाले, "ओ ताई, तुम्ही फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालाय म्हणता न्हवं? मग तुमच्यापेक्षा माझी म्हस शहाणी. करंटच्या कुंपणाला लागली की गप मागं सरकती, प्रश्न इचारत न्हाई."

मी फिजिक्स घेऊनच बी.एस्सी. झाले होते. पण घरातल्या एकूण एक सॉकेटच्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली बाईही मीच होते. ओहमचा नियम पाठ असणं वेगळं आणि घरात दुडदुडतं पोर असणं वेगळं.

मॅडमनी बटण जरा फिरवलं. मुंग्या आल्या. अजून जरा फिरवलं, आणि माझी बोटं आपोआप मिटायला लागली. मी "अगंबाई!" म्हणून ओरडले. अन्वी एवढी हसली की खालीच बसली. "आई, परत! परत!"

मी वळून आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. सुकुमार मगदूम, वीज खात्यात वायरमन, चाकाच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडलेले, बोटं अर्धवट आत वळलेली.

"बघितलं ना? काही होत नाही," मी म्हटलं. माझा आवाज अजून थरथरत होता, तो भाग वेगळा.

"छान आहे," हे म्हणाले. "अन्वीची झोपायची वेळ झाली. चला."

झालं. म्हणजे त्या दिवशीही नाहीच.

कितीतरी वर्षं हा माणूस पावसापाण्यात, उसाच्या फडात, वादळाच्या दुसऱ्या दिवशी खांबावर चढला. कधी खरचटलं नाही. आणि पडला कुठून, तर माझ्या माहेरच्या चिकूच्या झाडावरून. चिकू काढायला कुणी सांगितलंही नव्हतं. माझे वडील "अहो जावईबापू, उतरा, बाजारात मिळतात!" म्हणून खालून ओरडत होते. फांदी मोडली आणि मान दुखावली. हात खांद्यातून, कोपरातून हलत होते, मनगट थोडंसं, बोटं मात्र नाहीत. पायात जीव थोडा, म्हणजे अंगठा हलायचा आणि आम्ही सगळे दिवाळी असल्यासारखे हसायचो.

ऑपरेशननंतर आम्ही ह्या पुनर्वसन केंद्रात आलो. तिथं नुकतंच ते नवीन मशीन आलं होतं. बिरनाळे मॅडम पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या आणि त्यांना कधी एकदा सुरू करतो असं झालं होतं. मला त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

"डोक्यातून निघालेला निरोप मानेत अडकतोय. सगळाच अडकत नाही, थोडा झिरपतोय. आपण बाहेरून स्नायूला निरोप द्यायचा. पण खरी गंमत पुढं आहे. मशीननं मूठ मिटताना त्यांनी स्वतःपण मूठ मिटायचा जोर लावायचा. अगदी त्याच क्षणी. असं रोज केलं तर झिरपणारा निरोप वाढायची शक्यता असते. शक्यता म्हणतेय हं, वहिनी. आणि पहिले महिने महत्त्वाचे."

"उशीर केला तर?"

"केला तर केला. पण का करायचा?"

शिवाय मशीन एक, आणि पहिल्या तुकडीत घ्यायचे होते चौघंच. तिघं ठरले होते. चौथी जागा मॅडमनी आमच्यासाठी धरून ठेवली होती. शनिवारपर्यंत हो म्हटलं नाही तर मिरजेहून येणारा एक कॉलेजचा मुलगा वाट बघत होता.

मला दुसरं काही नको होतं. खात्यातल्या साहेबांनी घरी येऊन सांगितलं होतं, "मगदूमला खांबावर नाही चढता आलं तरी चालेल, सबस्टेशनला बसायचं काम देऊ. फोन धरता आला पाहिजे, पेन धरता आलं पाहिजे." म्हणजे आमचं सगळं पुढचं आयुष्य ह्या दहा बोटांवर येऊन थांबलं होतं, आणि बोटांचा मालक म्हणत होता, "आज नको."

सोमवारी हात गार पडलेत म्हणून नको. मंगळवारी पोट बरोबर नाही म्हणून नको. बुधवारी अन्वीची झोप.

हॉलमध्ये सगळ्यांनी एकच अर्थ लावला. इलाही चाचांनी तर तोंडावर सांगितलं, "काय ओ वायरमन, करंटला भिताय व्हय? ह्ये म्हणजे माशानं पाण्याला भिल्यागत झालं!"

हे नुसते हसले. मी त्यावेळी ह्यांना उप्पीट भरवत होते. हे काहीतरी बोलणार म्हणून तोंड उघडलं, तर मी त्यात चमचा घातला. सिस्टर आल्या, त्यांनी पायाखालची फळी खाली केली, मोजे ओढून सारखे केले, खुर्ची उन्हातून सावलीत घेतली आणि जाता जाता मला विचारलं, "आज ह्यांना बरं वाटतंय ना?"

"बरं आहे," मी म्हटलं आणि ह्यांच्या हनुवटीवरचा रवा पुसला.

गुरुवारी मी मॅडमना गाठलं. "ते घाबरलेत. शॉक बसलेली माणसं बघितलीत त्यांनी. मनात बसलं असणार."

मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांना मी काय करते माहितीये? गप्पा मारत मारत अगदी बारीक सुरू करते. त्यांना कळतसुद्धा नाही. मग स्वतःचा हात हललेला दिसला की खूश होतात."

"अन्वीच्या लसीला मी तेच करते," मी म्हटलं. "तिकडं चिमणी बघ म्हणायचं, की इकडं सुई."

आम्ही दोघी शिकल्यासवरलेल्या बायका, एकमेकींकडे बघून हसलो. बेत ठरला.

शुक्रवारी मी ह्यांना म्हटलं, "नुसत्या पट्ट्या लावून बघायच्या. चालू नाही करायचं. अन्वीला बघायचंय."

अन्वीचं नाव निघालं की हे विरघळायचे. "लावा," म्हणाले. मॅडमनी पट्ट्या लावल्या. मी समोर बसून चिमणी दाखवायला सुरुवात केली, म्हणजे माझ्या माहेरच्या भांडणाची गोष्ट. माझ्या दोन काकूंचं एका पाटा-वरवंट्यावरून चाललेलं युद्ध. ह्यांना ती गोष्ट फार आवडायची. हे हसायला लागले. मॅडमचा हात बटणावर होता, नजर भिंतीवर. मी थोरल्या काकूंची नक्कल करत होते, "वरवंटा माझा, पाटा तुझा, आता वाट की मसाला!" आणि इलाही चाचा खो-खो हसत होते.

ह्यांची बोटं मिटायला लागली.

आधी करंगळी. मग शेजारचं बोट. मी बोलता बोलता थांबले. इतके दिवस लाकडासारखी पडलेली ती बोटं, आणि ती आता अगदी सावकाश, झोपेतून उठल्यासारखी आत येत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं, आता हे बघतील आणि रडतील नाहीतर हसतील.

ह्यांनी खाली बघितलं. चेहरा एकदम कोरा झाला.

"लाईन कुणी चार्ज केली?"

इतका थंड आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. मॅडमनी पटकन बटण मागे फिरवलं. बोटं सैल पडली.

"दादा, अगदीच कमी होता करंट, तुम्हाला कळू नये म्हणून..."

"कळू नये म्हणून," हे म्हणाले. "काढा पट्ट्या."

"अहो, पण हललीत बोटं! तुम्ही बघितलं ना?"

"पद्मा, काढायला सांग."

पट्ट्या निघाल्या. इलाही चाचांनीसुद्धा दोरी खाली ठेवली होती. अन्वी तेवढी "बाबा, परत!" म्हणाली.

मी खुर्ची ढकलत ह्यांना मागच्या व्हरांड्यात आणलं. हे बागेकडे बघत बसले. मी बाजूच्या पायरीवर. माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. लाईन कुणी चार्ज केली?

आणि मला अन्वीचं बारसं आठवलं.

त्या दिवशी आमच्या गल्लीची लाईट सकाळीच गेली होती. झाड तारेवर पडलं होतं आणि ज्याच्या मुलीचं बारसं, तोच माणूस परमिट घेऊन शेतात तार जोडायला गेलेला. परमिट घेतलं म्हणजे सबस्टेशनला फोन करून सांगायचं, मी लाईनवर काम करतोय, सप्लाय बंद ठेवा. काम झालं की त्याच माणसानं परत फोन करायचा, "माणसं खाली, साहित्य खाली, लाईन चार्ज करा." मगच बटण दाबायचं. तर ह्यांचं काम झालं आणि मोबाईल पाटाच्या पाण्यात पडला.

इकडे घरात पाहुणे घामानं निथळत होते. पाळणा म्हणणाऱ्या बायका पदरानं वारा घेत होत्या. माझ्या सासऱ्यांनी सबस्टेशनला फोन लावला. तिथं कोरे तात्या ड्यूटीवर.

"अहो तात्या, लाईन जोडून झाली, माझ्या पुतण्यानं डोळ्यांनी बघितलं, चालू करा!"

"मगदूमचा आवाज ऐकल्याशिवाय न्हाई."

सरपंचांनी फोन केला. "मगदूमचा आवाज." मग खास ओळख काढून साहेबांनाच फोन करायला लावला. कोरे तात्या म्हणाले, "साहेब, मला बदली करा न्हाईतर घरी बसवा. लाईनवर माणूस हाय. तो मला स्वतः सांगंल, तवा."

शेवटी हे चिखलानं भरलेले, चालत सबस्टेशनला गेले, तात्यांच्या समोर उभे राहून म्हणाले, "मगदूम बोलतोय," आणि मग गल्लीत लाईट आली. तोपर्यंत अन्वीचं नाव ठेवून झालं होतं. मी त्या तात्यांवर महिनाभर चिडून होते.

व्हरांड्यात मी विचारलं, "अहो, तुम्हाला करंटची भीती नाही वाटत ना?"

हे हसले. "करंट मला नावानिशी ओळखतो."

"मग?"

ह्यांनी नजर मांडीवरच्या हातांकडे वळवली. मग म्हणाले, "खांबावर असताना खाली साहेब उभा असला, मंत्री उभा असला, तरी लाईन माझ्या आवाजावर. बटण दाबणारा माझ्या तोंडाकडं बघायचा. आता सकाळी कोण येऊन पाय उचलतंय, कोण कुशीवर घेतंय, कोण तोंडात काय घालतंय, ते मला सगळ्यात शेवटी कळतं. सगळी माझ्या चांगल्यासाठीच करताय. मला कळतं की. पण पद्मा, कुणी थांबतच न्हाई ग."

माझ्या हातात रुमाल होता, ह्यांचं तोंड पुसायला काढलेला. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

मग उठून मॅडमकडे गेले आणि त्यांना कोरे तात्यांची गोष्ट सांगितली. आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"वहिनी, मी केवढा गाढवपणा केला," त्या म्हणाल्या. "ते स्वतः जोर लावणार नसतील तर मी नुसती बोटं नाचवतेय. ह्या उपचाराचा सगळा अर्थच तो आहे, आणि मीच..." त्या तडक व्हरांड्यात आल्या.

"मगदूमदादा, माझं चुकलं. उद्या शनिवार आहे. मला परमिटवर काम करायला शिकवाल का?"

ह्यांनी माझ्याकडे एक कडक नजर टाकली. "हिनं सांगितलं वाटतं."

"हो."

"उद्या बघू," हे म्हणाले. पण ते 'आज नको'सारखं नव्हतं.

शनिवारी सकाळी सगळा हॉल नको तितका कामात होता. प्रत्येकजण व्यायाम करतोय असं दाखवत आमच्याकडे बघत होता. पट्ट्या लावायच्या आधी मॅडमनी विचारलं, "लावू?" हे म्हणाले, "लावा." मग मॅडमनी हात कानाला फोनसारखा लावला. "हॅलो, सबस्टेशन बिरनाळे बोलतेय. चार्ज करू का?"

"चुकलं," हे म्हणाले. "सबस्टेशन विचारत न्हाई. फोन मी करायचा."

"सॉरी, सॉरी." मॅडमनी काल्पनिक फोन ठेवला आणि शहाण्यासारख्या बसून राहिल्या.

चाचा मान लांब करून बघत होते. हे नाहीच म्हणाले तर? मिरजेचा तो मुलगा दारातच बसला असणार असं मला उगीचच वाटत होतं. "करा की आता" हे माझ्या ओठापर्यंत आलं. मी ओठ मिटून घेतले. अन्वी माझ्या मांडीवरून काहीतरी विचारायला लागली, तर तिच्याही तोंडावर हात ठेवला.

हे स्वतःच्या हाताकडे बघत होते. अगदी बारकाईनं, जसं खांबावर चढायच्या आधी खांबाकडे बघायचे.

"हॅलो सबस्टेशन," शेवटी हे म्हणाले. "मगदूम बोलतोय."

"बोला मगदूम."

"लाईनवर माणूस आहे."

मॅडम गोंधळल्या. "मग चार्ज नको करू?"

"आयुष्यात पहिल्यांदा सांगतोय. लाईनवर माणूस असताना चार्ज करा. सावकाश."

मॅडमनी बटण फिरवलं. करंगळी हलली. मग दुसरं बोट. "आता तुम्हीपण जोर लावा, दादा! मूठ मिटा! मनातून मिटा!"

"लावतोय की!"

ह्यांच्या कपाळावरची शीर फुगली. मान ताठ झाली. बोटं आत आली, अंगठा तेवढा बाहेर राहिला, तरी पण मूठ. कच्ची, वाकडी, पण मूठ.

"बंद."

मॅडमनी त्याच क्षणी बटण मागे घेतलं. मूठ उघडली. ह्यांनी मान वर करून मॅडमकडे बघितलं, जणू बघत होते, खरंच बंद केलं का.

"चार्ज."

मूठ मिटली.

"बंद."

उघडली.

"चार्ज. बंद. चार्ज."

"अरे बास की!" इलाही चाचा ओरडले. "सगळ्या गावाची लाईट घालवतोस का काय!"

आणि सगळा हॉल हसला, हे पण हसले. मी मात्र रडत होते, आणि अन्वी माझ्या तोंडावर हात ठेवत होती.

चमत्कार झाला नाही, हे सांगून टाकते, कारण आता अन्वी हायस्कूलला आहे आणि तिच्या मैत्रिणींना वाटतं की तिच्या बाबांना मशीननं बरं केलं. पाय तसेच राहिले. उजव्या हाताची मूठ मशीनशिवाय धरायला लागली ती बऱ्याच महिन्यांनी, आणि तीही जाड पेनापुरती, फोनपुरती. पण रोज, न चुकता, बिरनाळे मॅडम बसून राहायच्या आणि हे फोन करायचे. पुढे हॉलमधले बाकीचेही करायला लागले. इलाही चाचांना कमरेच्या पट्ट्या लागल्या तेव्हा ते म्हणायचे, "हॅलो, इलाही मुल्ला बोलतोय, गाडी रिव्हर्समध्ये हाय, दमानं!"

पण मला त्या शनिवारचं आठवतं ते नंतरचं. सराव संपला. जेवणाची वेळ झाली होती. हे गादीवर बसले होते, त्यांना उचलून खुर्चीत घ्यायचं होतं. ते काम माझं. मी नेहमीसारखी पुढे गेले, ह्यांच्या काखेत हात घातले, गुडघा टेकवला, आणि तशीच थांबले.

"उठवू का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या जवळून की मला त्यांच्या श्वासाचा वारा लागत होता.

"नको," म्हणाले.

"म्हणजे?"

"आता नको. जरा बसतो."

ताटं वाढून झाली होती. वाटीतली आमटी गार होणार होती. अन्वीला भूक लागली होती आणि तिनं माझी ओढणी ओढायला सुरुवात केली होती. मला शंभर कारणं सुचली, आणि सगळी ह्यांच्या चांगल्यासाठीच होती.

मी हात काढून घेतले.

ह्यांच्या शेजारी गादीवर मांडी घालून बसले. अन्वी मध्ये येऊन बसली. तिघंही समोरच्या भिंतीकडे बघत होतो, तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

जरा वेळानं मी विचारलं, "आता?"

"अजून न्हाई," हे म्हणाले, आणि पाठ भिंतीला टेकून आरामात डोळे मिटले.